भूतबंगल्याचं आवतन

ताराचंद बारदानेवाला हा माणूस मला आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्याची भरपूर टिंगल करणार आहे आणि मग कोणी म्हणायला नको की शेजारधर्म पाळला नाही.

तुमसरच्या धान्य बाजाराला लागून त्याचं बारदान्याचं दुकान आहे. बारदाना म्हणजे रिकामी पोती. गाव राइस मिलचं, त्यामुळे भरलेल्या पोत्याला जेवढा मान तेवढाच रिकाम्यालाही. ताराचंदच्या वडिलांनी तागाची पोती विकली, हा प्लास्टिकची विकतो. तरी कोपऱ्यात तागाचा एक गठ्ठा त्यानं हौसेनं ठेवला आहे आणि गिऱ्हाईक नसलं की त्यावरच बसतो. मी पोस्टातून रिटायर झालो तेव्हापासून सकाळचा चहा त्या गठ्ठ्यावर बसूनच पितो. चहाला तिसरा आनंदराव. त्याचं बियाण्याचं दुकान लागूनच आहे आणि देव्हाडीच्या वाटेवर धानाची शेती आहे.

आता भूतबंगला. गावाबाहेर चिंचेच्या झाडांत एक जुना बंगला आहे. मँगनीजच्या खाणींवर गोरे साहेब होते तेव्हा त्यांनी तो बांधला. खिडक्या बारा महिने बंद. महिन्यातून एका संध्याकाळी काळे कोट घातलेले काही म्हातारे आत जातात आणि दाराबाहेर एक जण चक्क तलवार घेऊन उभा राहतो. आत काय चालतं हे कोणी सांगत नाही. न सांगणाऱ्याबद्दल आमचं गाव काय काय सांगतं ते विचारू नका. कवटीतून दूध पितात इथपासून ते मेलेल्या साहेबाला हाका मारतात इथपर्यंत सगळं मी पोस्टाच्या खिडकीत बसून ऐकलेलं आहे. खरं म्हणजे ते फ्रीमेसन लोकांचं लॉज आहे. पाटीवर तसं लिहिलेलंही आहे, पण ती पाटी वाचून फक्त ट्रकवाले थांबतात आणि खोली रिकामी आहे का विचारतात.

या बंगल्यातलं एक भूत म्हणजे आमचा ताराचंद. तो तिथे कसा गेला तेही सांगतो. तरुणपणी खाणीवरच्या दवाखान्यात पोती पोचवायला जायचा. तिथल्या डॉक्टरांच्या बोटात एक अंगठी होती, तिच्यावर गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कंपास कोरलेला. यानं विचारलं, हे काय? डॉक्टर म्हणाले, आमची भावाभावांची एक मंडळी आहे. यानं लगेच विचारलं, मी येऊ का? झालं! मागायला लाजणं हे ताराचंदच्या रक्तातच नाही. लग्नात वाढप्याला हाक मारून तिसरी जिलेबी मागणारा माणूस तो.

आणि तिथे त्याला जे मिळालं ते गावात कुठेच मिळालं नव्हतं. परसरामजी हे आमच्याकडचे मोठे मिलमालक. मिलच्या फाटकात ते ‘ए ताराचंद, गठ्ठे तिकडं टाक’ असं म्हणायचे आणि हा टाकायचा. पण बंगल्यात शिरलं की तेच परसरामजी पांढरा एप्रन बांधून याच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, ‘ब्रदर ताराचंद, कसे आहात?’ काळ्यापांढऱ्या चौकटींच्या त्या फरशीवर सगळे सारखे. बाहेर आलं की पुन्हा ‘ए ताराचंद’. मी एकदा त्याला चिडवलं, ‘महिन्यातून एका संध्याकाळची इज्जत काय कामाची?’ तो म्हणाला, ‘तुले रोज भेटते म्हणून तुले किंमत नाई.’ मी चहा मागवला.

मात्र त्यांच्यात एक विचित्र नेम आहे आणि सगळा घोटाळा त्या नेमानंच केला. मेंबरनं कोणाला ‘या’ म्हणायचं नाही. येणाऱ्यानं आपल्या मनानं यायचं आणि स्वतःच्या तोंडानं विचारायचं. आता आमच्या झाडीपट्टीत आवतनाशिवाय माणूस तेरवीच्या जेवणालाही जात नाही. पाहुण्याला तीनदा ‘बसा’ म्हटल्याशिवाय तो बसत नाही. अशा मुलखात ‘आम्ही बोलावणार नाही, तुम्ही विचारा’ असा नेम लावून मंडळी चालवायची म्हणजे कठीणच.

व्हायचं तेच झालं. म्हातारे एकेक करून वर गेले. त्यांची मुलं पुण्याला गेली. जे नवे आले ते टिकले नाहीत. कारण पूजाविधी सगळा इंग्रजीतून, तोही तोंडपाठ, आणि संपता संपत नाही. वर जेवायला उकडलेल्या भाज्या आणि कस्टर्ड. जवाहरनगरच्या फॅक्टरीतला एक तरुण इंजिनिअर दोनदा आला आणि तिसऱ्या वेळेपासून त्याला कायमची नाइट शिफ्ट लागली.

होळीनंतर नागपूरहून वरचे पदाधिकारी आले आणि स्पष्ट सांगून गेले. दिवाळीपर्यंत एक तरी नवा माणूस घ्या, नाहीतर तुमची सनद परत घेऊ, बंगल्याला कुलूप. त्याच संध्याकाळी ताराचंदला मुख्य खुर्चीवर बसवलं. बाकीच्यांचे गुडघे त्या खुर्चीच्या पायऱ्या चढू शकत नव्हते. पण त्याच्या डोळ्यांत मी दुसऱ्या दिवशीही पाणी पाहिलं. तो खुर्चीवर बसला तेव्हा परसरामजी मानानं त्याच्यासमोर उभे राहिले होते. ‘आता माझ्याच हातानं कुलूप लावाचं का?’ तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि गठ्ठ्यावरून उठून उगाच पोती मोजू लागला.

दुसऱ्या दिवसापासून ताराचंदनं भूतबंगला मॉडर्न करायला घेतला. गावानं पुढचे काही महिने फुकटची करमणूक पाहिली.

पहिल्यांदा खिडक्या उघडल्या. चुना मारला, ट्यूबलाइट लावल्या आणि एका रविवारी बंगला सगळ्यांना पाहायला खुला ठेवला. अख्खं तुमसर लोटलं. बिचारा ताराचंद कोट घालून ‘बंधुभाव, दानधर्म’ असं समजावत होता आणि पोट्टे विचारत होते, ‘भूत कुठं ठेवलं?’ भूत नाही म्हटल्यावर लोकांचा इतका हिरमोड झाला की एका बाईनं ‘आपला टाइम खोटी केला’ असं तोंडावर सुनावलं. कुंताबाई, म्हणजे ताराचंदची बायको, लग्नानंतर पहिल्यांदाच आत आली होती. तिनं ती पवित्र फरशी नीट पाहिली आणि म्हणाली, ‘इतक्या वर्षांत एकानं बी पोछा मारला नाई वाटते.’

मग जेवण बदललं. कस्टर्ड बंद. पातोडीचा रस्सा, भात आणि लाखोळीच्या डाळीचे वडे सुरू. मेंबर म्हातारे खूश झाले. उपस्थिती एकदम शंभर टक्के, कारण जे अंथरुणाला खिळले होते तेही वड्यासाठी उठून आले. नवा माणूस मात्र एकही नाही.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. त्यांच्यात धर्म आणि राजकारण यांवर बोलायला बंदी आहे. जुनाच नेम आहे. तो नेम ग्रुपला लागू केल्याबरोबर ग्रुप मेल्यासारखा शांत झाला. ही दोन्ही काढून टाकल्यावर माणसानं ग्रुपवर पाठवायचं तरी काय? आठवडाभर फक्त धानाचे भाव आणि गुलाबाचं फूल येत राहिलं.

शेवटी त्याच्या सुनेनं, तृप्तीनं, इंस्टाग्रामवर पान काढून दिलं. मोबाइल हातात धरून तीन दिवस ताराचंद हवेत होता. धडाधड निरोप येत होते. चौथ्या दिवशी मी ते वाचले. ‘सर, मला रातोरात श्रीमंत व्हायचं आहे, रक्तानं सही करायला तयार आहे.’ ‘सर, आत्मा विकायचा रेट काय?’ ताराचंद प्रत्येकाला सभ्यपणे उत्तर देत होता की आमच्याकडे आत्मा विकत घेत नाहीत, कृपया देवावर श्रद्धा ठेवा. त्यावर एकानं त्याला शिव्या घातल्या.

आणि अंगठी! लोकांनी विचारावं म्हणून त्यानं गुण्या-कंपासची मोठी अंगठी बोटात घातली, स्कूटीवर त्याचं स्टिकर लावलं आणि बाजारातून हात पुढे करकरून फिरू लागला. लाखनीच्या एका शेतकऱ्यानं अखेर विचारलं. ताराचंदचा चेहरा उजळला. शेतकरी म्हणाला, ‘गवंडीकाम घेता ना? दोन खोल्याईचा नकाशा काढून द्याल का?’

हे सगळं होत असताना आनंदराव शेजारी बसून चहा पीत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

आनंदरावाचं सांगायला हवं. असा सरळ माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही आणि असा ताठ माणूस शोधायचीही गरज नाही. त्यानं आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही. भाजीत मीठ कमी असलं तर तशीच खाईल, पण ‘मीठ द्या’ म्हणणार नाही. सख्ख्या पुतणीच्या लग्नात भावाकडून त्याच्या घरी आवतनाच्या अक्षता द्यायच्या राहिल्या. मांडव दोन घरं सोडून होता. हा दिवसभर पानठेल्यावर बसून सनई ऐकत राहिला, पण मांडवात पाऊल टाकलं नाही. संध्याकाळी भाऊ रडत आला तेव्हा गेला.

आता हा आणि ताराचंद, पंचवीस-तीस वर्षांची दोस्ती. एकमेकांच्या पोरांची लग्नं यांनी उभ्यानं लावली. ताराचंदच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं की आनंदरावानं बंगल्यात यावं. पण नेम. हा विचारेल म्हणून ताराचंद थांबला. आणि तो बोलावील म्हणून आनंदराव थांबला. मला दोघांचंही माहीत होतं, दोघांनीही माझ्याकडून शपथ घेतली होती आणि मी मूर्खासारखा ती पाळत होतो. पोस्टातली सवय, दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही.

दसरा गेला. धान कापणीला आलं आणि ताराचंदनं स्कूटीवरचं स्टिकर काढून टाकलं. घरी जेवेना. ‘सनद परत करायले नागपूरले जावं लागन,’ असं एका दुपारी तो कुंताबाईला म्हणाला. कुंताबाई ही काही रडत बसणारी बाई नाही. तिनं मला गल्लीत गाठलं आणि सरळ विचारलं, ‘भाऊजी, आनंदरावभाऊजी काहून नाई जात तिथं?’ शपथ त्या दोघांनी एकमेकांपासून लपवायची घातली होती, तिच्यापासून नाही. मी सांगून टाकलं.

‘इतकंच?’ ती म्हणाली. ‘नाई बोलवाचं हा नेम मेंबराइले हाये ना? मी कुठं मेंबर आहो? बायकाइले तर ते घेतच नाई!’

संध्याकाळी तिनं तांदूळ हळदीत घोळले, नवी साडी नेसली आणि आनंदरावाच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. चंद्रकांता, आनंदरावाची बायको, दारात आली. तिला वाटलं ताराचंदकडे कोणाचं लग्न निघालं. कुंताबाईनं आनंदरावाच्या हातावर पिवळ्या अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, ‘भाऊजी, भूतबंगल्याचं आवतन हाये. या लागते.’ आनंदरावानं अक्षता कपाळाला लावल्या आणि देव्हाऱ्यात ठेवल्या. चंद्रकांता म्हणते, त्या रात्री ते झोपेत हसत होते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आनंदरावानं घसा साफ केला आणि ताराचंदकडे न बघता म्हणाला, ‘तुमचा तो फॉर्म देजो.’ ताराचंदच्या हातातला कप खाली पडला. त्यानं भर सीझनमध्ये दुकानाचं शटर ओढलं आणि गल्लीभर पेढे वाटले. अक्षतांचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. कुंताबाईनं पेढा खाल्ला आणि गप्प राहिली. मीही दोन खाल्ले.

त्यांच्यात अर्ज आला की दोन-तीन मेंबर त्या माणसाच्या घरी येतात आणि चौकशी करतात. ताराचंदनं त्यातही सुधारणा केली होती. घरच्या बाईलाही समोर बसवायचं आणि तिचीही संमती विचारायची. तर परसरामजी आणि ताराचंद कोट घालून आनंदरावाकडे आले. चंद्रकांताच्या मदतीला कुंताबाई स्वयंपाकघरात होती. आनंदरावानं ‘आपल्या बाजूचा एक माणूस असावा’ म्हणून मला बोलावलं होतं, म्हणजे सोयरिकीची बैठक असल्यासारखं.

परसरामजींनी विचारलं, ‘देव मानता का?’

‘धान पेरतो जी,’ आनंदराव म्हणाला. ‘देव नाई मानला तर पाणी कोणाले मागू?’

‘वहिनी, तुमची संमती हाये?’

‘महिन्यातून एक सांज घराबाहेर राहत असतीन, तर दोनी हातानं हाये,’ चंद्रकांता म्हणाली.

परसरामजी हसले. शेवटचा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून त्यांनी विचारला. ‘तुमी आपल्या मनानं येऊन राहिले ना? कोणी आवतन, आग्रह, काही?’

आनंदरावाला खोटं बोलता येत नाही. ‘मन तर माझंच हाये. पण वहिनीनं रीतसर अक्षता देल्या, मंग मी फॉर्म मागतला.’

स्वयंपाकघरात झारा खाली पडल्याचा आवाज आला. ताराचंदचा चेहरा पांढराफटक पडला.

परसरामजी व्यापारी माणूस. त्यांनी क्षणात हिशोब केला. ‘वहिनी कुठं मेंबर हायेत? नेम नाई मोडला. पुढं चला.’

‘थांबा,’ ताराचंद म्हणाला. तो उभा राहिला. ‘माह्या घरच्या हळदीचे तांदूळ गेले म्हणजे आवतन मीच देल्लं. हा अर्ज नाई चालत.’

‘ए ताराचंद!’ परसरामजी ओरडले. लॉजची भाषा विसरून ते एकदम मिलच्या फाटकात पोचले. ‘डोकं फिरलं का तुझं? एकच अर्ज हाये. कुलूप लागन!’

‘लागू द्या.’ ताराचंद म्हणाला. ‘इतके वर्ष हा रोज माह्याजवळ बसते. रोज वाटे, म्हणून टाकावं, चाल गा आनंदा, तुह्याशिवाय मले तिथं करमत नाई. रोज जीभ चावली मी. नेम म्हणून. आता जाता जाता तोच मोडू?’

मी आनंदरावाकडे पाहिलं. तो खुर्चीच्या काठावर येऊन बसला होता.

‘म्हणजे तुले मले बोलवाचं होतं?’ त्यानं विचारलं.

‘पहिल्या दिवसापासून.’

‘मले वाटे,’ आनंदराव हळू बोलला, ‘त्या कोटवाल्या लोकाईत तुले माही लाज वाटते. शेतकरी माणूस, इंग्रजी येत नाई. म्हणून नाई बोलवत.’

मला इतकं वाईट वाटलं, आणि इतका राग आला, नुसता माझाच नाही तर त्या नेमाचा, आवतनाचा, सगळ्या रीतीभातींचा, की मी उठून दोघांच्या थोबाडीत मारली असती. वय आडवं आलं.

कुंताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज खणखणीत. ‘भाऊजी, माहे तांदूळ मले वापस द्या. आवतन कॅन्सल.’

आनंदराव आत गेला. देव्हाऱ्यातून अक्षता आणल्या आणि एकही दाणा खाली न सांडता तिच्या ओंजळीत ठेवल्या. परसरामजींनी कपाळाला हात लावला. नेम पाळला गेला होता आणि बंगला गेला होता. ताराचंद कोटाची बटणं काढू लागला.

पण आनंदराव परत खुर्चीवर बसला नाही. तो खोलीच्या मधोमध तसाच उभा राहिला. त्यानं एकदा चंद्रकांताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. दुष्काळात नाही, ऑपरेशनच्या टेबलावर नेताना नाही. दोनदा तोंड उघडून मिटलं. कोणाकडे मीठसुद्धा न मागितलेला तो माणूस ताराचंदसमोर गेला आणि हात जोडले.

‘ताराचंद,’ तो म्हणाला, ‘मले घेता का तुमच्यात?’

ताराचंदनं उत्तर द्यायला पाहिजे होतं. खुर्चीवरचा मुख्य माणूस तो. उत्तराचे शब्दही त्यांच्यात ठरलेले आहेत, इंग्रजीतून, त्याला तोंडपाठ आहेत. त्यातला एकही त्याला आठवेना. त्यानं आनंदरावाचे जोडलेले हात घट्ट धरले आणि लहान पोरासारखा रडत म्हणाला, ‘काहून इतका उशीर लावला बे?’